सतलजच्या पाण्यामागून

अमृतसरच्या लंगरमध्ये पोळी ताटात वाढत नाहीत. दोन्ही हात पुढे करायचे, मग सेवादार ती वरून हातांत सोडतो, आणि तिला पोळी न म्हणता 'प्रशादा' म्हणतो. आमच्या मास्तरांनी सवयीप्रमाणे ताट पुढे केलं, तेव्हा वाढणारा मुलगा नुसता थांबून राहिला. शेजारच्या म्हाताऱ्या सरदारजींनी काही न बोलता स्वतःचे हात पसरून दाखवले. मास्तरांनी पसरले, प्रशादा पडला, मुलगा पुढे सरकला. जन्मभर पोरांना शिस्त लावलेल्या माणसाला इतक्या कमी शब्दांत शिस्त लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आमच्याकडे पंगत म्हटली की कोण कुठे बसलं ते आधी बघतात. व्याह्यांचं पान, पुढाऱ्यांचं पान, आणि मांडवाच्या टोकाला उरलेले. इथे चटईवर आधीचा माणूस जिथे संपतो तिथे पुढचा बसतो. माझ्या एका बाजूला सायकल रिक्षावाला होता, दुसऱ्या बाजूला कॅनडातून आलेलं कुटुंब. दाल, भाजी, खीर. संपली की पुन्हा. रोज पन्नास हजारांहून जास्त माणसं इथे जेवतात आणि कुणी कुणाला नाव विचारत नाही. बाहेर पडताना रिकामी ताटं गोळा करणाऱ्यांचा खणखणाट कानावर आदळतो. त्या आवाजाशेजारी बायका-पुरुष मांडी घालून लसूण सोलत बसलेले असतात. डॉक्टर त्यांच्यात जाऊन बसले आणि त्यांना उठवायला आम्हाला अर्धा तास लागला.

आम्ही चौघे माणदेशातले, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या त्या पूर्व टोकाचे, जिथे पाऊस सह्याद्रीवर रिकामा होतो आणि पुढे ढगांची सावली तेवढी पाठवतो. मास्तर मराठीचे, निवृत्त. डॉक्टर तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतात. आण्णांची डाळिंबाची बाग आहे आणि बागेबद्दल न बोलता ते तासभर राहू शकत नाहीत. कुठेही गेलो तरी आमची पहिली नजर पाण्यावर जाते. त्याला आमचा इलाज नाही.

हरमंदिर साहिबच्या दाराशी जोडे ठेवून, उथळ चरातल्या पाण्यातून पाय बुडवत आत जायचं. मग पायऱ्या खाली उतरतात. देवाकडे चढून जायची सवय असलेल्या पायांना ते वेगळं लागतं. जानेवारी सरत आला होता, तळ्यावर धुकं होतं, आणि रणजितसिंहांनी चढवलेला सोन्याचा पत्रा त्या धुक्यात पिवळट, जवळजवळ घरगुती दिसत होता. त्या थंडीतही माणसं साखळीला धरून तळ्यात बुडी मारत होती. मास्तर हात जोडून उभे. आण्णांनी एका सेवादाराला गाठून विचारलं, "हे पाणी येतं कुठून?" त्यालाही या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. रावीच्या कालव्यातून, म्हणाला. त्या वाटेला 'हंसली' म्हणतात. आण्णांचं समाधान झालं. मग त्यांनी हात जोडले.

शहरात खाण्यावाचून सुटका नाही. कुलचा तंदुरातून निघाला की दुकानदार दोन्ही तळव्यांत त्याला चुरगाळतो आणि वर लोण्याचा गोळा टाकतो. शेजारी छोले, चिंचेच्या पाण्यातला कांदा. संपत आला की तो न विचारता छोले ओततो. 'पुरे' म्हणायला हात आडवा धरावा, तर तो हसून हाताच्या बाजूने वाढतो. आपल्याकडच्या आग्रहात यजमान पाहुण्याच्या तोंडाकडे बघत असतो; इथे कुणी बघत नाही, नुसतं ओततात. लस्सीचा पेला दोन हातांनी धरावा लागतो. पाण्याचा जगही काठोकाठ भरून येतो, आणि उरलेलं पाणी पोऱ्या फाटकन रस्त्यावर फेकतो. आमच्या चौघांच्या माना एकदम त्या पाण्याकडे वळल्या.

जालियनवाला बागेत जाणारी ती अरुंद गल्ली आता सजवलेली आहे. २०२१ सालच्या नूतनीकरणात तिच्या भिंतींवर माणसांची शिल्पं आली. १३ एप्रिल १९१९ ला याच गल्लीतून डायरने शिपाई आत आणले. दोन भिंतींमधून चालताना अंगावर काटा यायला त्या नुसत्या विटा पुरेशा होत्या. शिल्पांतले हसरे चेहरे बघत माणूस सेल्फी काढत आत जातो. विहीर काचेने झाकली आहे. आम्ही तिथे फार वेळ थांबलो नाही. वाघ्याच्या सीमेवरचा संध्याकाळचा सोहळाही पाहिला. तो सोहळा ज्यांना आवडतो त्यांना फार आवडतो, एवढंच लिहितो.

मास्तरांच्या हट्टामुळे आम्ही घुमानला गेलो. बटाल्यापलीकडचं हे गाव मराठी माणसाला २०१५ साली साहित्य संमेलनामुळे कळलं. त्याआधी नामदेव पंजाबात गेले होते एवढंच आपण शाळेत वाचलेलं. परंपरा सांगते की आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षं त्यांनी इथे काढली. अमृतसरला १६०४ साली ज्या ग्रंथाची स्थापना झाली त्यात त्यांची एकसष्ट पदं आहेत. त्यामुळे इथल्या माणसांना नामदेव ओळखावे लागत नाहीत, ते रोजच्या पाठात असतात.

वाटेत दोन्ही बाजूंना गहू आणि मोहरी, इतकं हिरवं-पिवळं की आण्णा बोलायचे थांबले. घुमानच्या गुरुद्वारात एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. "तुसीं बाबाजी दे देसों आए हो!" मग चहा आला, बिस्किटं आली, आणखी माणसं आली, आणि आम्हाला खुर्च्या देऊन ती उभी राहिली. आमचं कर्तृत्व काय, तर पंढरपूर आमच्यापासून दोन-तीन तासांवर आहे. मास्तरांनी त्यांना नामदेव पायरीबद्दल सांगितलं: भक्तांच्या पायाची धूळ लागावी म्हणून विठ्ठलाच्या दाराशी पायरी होऊन राहिलेला संत. त्या गृहस्थांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, दुसऱ्याला बोलावून त्यालाही ऐकवायला लावलं. एका माणसाचे दोन शेवट दोन मुलखांनी सांभाळलेत, आणि तिथे कुणालाही त्यांतला खरा कुठला हे विचारायची गरज वाटली नाही. मला ते फार आवडलं.

परतीच्या वाटेवर आण्णांनी गाडी थांबवून एका शेतकऱ्याशी गप्पा मारल्या. पाणी किती खोल? तो हसला. वडिलांच्या वेळी साध्या मोटरीला लागायचं. आता सबमर्सिबल, आणि दर काही वर्षांनी आणखी पाइप. वीज फुकट. गव्हानंतर भात. भाताची लावणी फार आधी करू नये म्हणून २००९ साली पंजाबात कायदाच झाला, इतका उपसा झाला होता. "चावल खाता कौन है यहां?" तोच म्हणाला. "हम तो रोटी वाले हैं. चावल सरकार ले जाती है." आण्णांनी मान डोलावली. आपल्याकडच्या उसाचं गणित त्यांना पाठ आहे, त्यामुळे हे समजायला भाषांतर लागलं नाही.

भटिंड्याच्या वाटेवर हरिके लागतं. इथे बियास सतलजला मिळते आणि धरणाच्या दारांपाशी पाण्याचा विस्तार असा पसरतो की पलीकडचा काठ धुक्यात गेलेला. हिवाळ्याला आलेली बदकं त्यावर ठिपक्यांनी बसलेली. रस्त्याकडेला माशांची भजी तळत होते. डॉक्टरांनी ती चौघांच्या वाट्याची खाल्ली. इथूनच इंदिरा गांधी कालवा निघतो. १९५८ साली काम सुरू झालं, सगळा मिळून साडेसहाशे किलोमीटरच्या घरात, थेट जैसलमेरच्या वाळूपर्यंत. आम्ही जिथे जायला निघालो होतो तिथेच हे पाणीही निघालं होतं. सिमेंटच्या काठात ते गढूळ, निमूट आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेगाने चाललं होतं. माणदेशातल्या माणसाला असं पाणी बघताना आनंद होतो की पोटात दुखतं, हे ठरवणं कठीण आहे.

भटिंड्याहून बिकानेरला आम्ही रात्रीच्या पॅसेंजरने गेलो. या गाडीला लोक गेली कित्येक वर्षं 'कॅन्सर ट्रेन' म्हणतात. पंजाबच्या माळवा भागातले रुग्ण स्वस्त उपचारांसाठी बिकानेरच्या कर्करोग केंद्रात जातात, ते हिने. आता भटिंड्यात एम्स आहे, संगरूरला टाटाचं रुग्णालय झालंय, त्यामुळे पूर्वीची गर्दी उरली नाही म्हणतात. तरी आमच्या समोरच्या बाकावर एक जोडपं होतंच. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, दुसऱ्या पिशवीत पराठे. मावशींनी पराठे काढले तसे आधी आमच्यापुढे धरले, लोणच्यासकट. त्यांना मुंबई माहीत होती ती टाटामुळे. डॉक्टरांनी फाइल मागितली नाही, त्यांनीच दिली. डॉक्टरांनी ती सावकाश वाचली, औषधांच्या वेळा पुन्हा समजावून सांगितल्या आणि परत केली.

आम्ही आमची पाण्याची बाटली पुढे केली तर मावशी म्हणाल्या, "हमारे पास है, मोल का है. गांव का पानी नहीं पीते अब." पाच नद्यांच्या मुलखातली बाई पाण्याची विकतची बाटली घेऊन वाळवंटाकडे निघालेली. मास्तर हळूच म्हणाले, फवारण्यांमुळे असणार. डॉक्टरांनी मान हलवली. फवारणी, पाण्यातले जड धातू, तपासणी वाढल्याने कळलेले आजार. यांतलं कशामुळे किती, हे ठामपणे सांगणारा माणूस विकायला काहीतरी घेऊन आलेला असतो, असं त्यांचं मत आहे. पहाटे बिकानेरला उतरताना मावशींनी उरलेले पराठे आमच्या पिशवीत कोंबले. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने त्यांची पिशवी उचलली आणि कुठे जायचं हे न विचारता रिक्षा सुरू केली.

बिकानेर सकाळी तळणाचा वास घेऊन उठतं. कोटगेटच्या आतल्या गल्ल्यांत कढया लागलेल्या, आणि त्यांवर झाऱ्यातून भुजिया पडत असतो. खरा बिकानेरी भुजिया मोठच्या पिठाचा. मोठ म्हणजे आपली मटकी, हे कळल्यावर आण्णांना फार आनंद झाला. आम्ही मटकीची उसळ करतो, भिजवायला आणि शिजवायला पाणी घालून. इथे तिचं कोरडं सोनं करून देशभर विकतात. जेवणात केर-सांगरी, गट्टे, पापडाची भाजी. रानातली फळं आणि शेंगा वाळवून ठेवायच्या, आणि पाण्याच्या जागी ताक-दही वापरायचं, यातून हा सगळा स्वयंपाक निघालाय. खानावळीत बाजरीचा जाड सोगरा आला तेव्हा आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. लोणी सोडलं तर आईच्या हातचीच भाकरी.

इथे पाण्याचा पेला अर्धा भरून येतो. मागितलात तर पुन्हा अर्धा. ओठ न लावता वरून प्यायचं, थेंब न सांडता. पोऱ्याने आमच्या पेल्यांतलं उरलेलं पाणी दाराशी असलेल्या तुळशीत घातलं.

जुनागड किल्ल्यात बादल महाल नावाचं दालन आहे. भिंतीभर निळे ढग, त्यांतून सळसळत्या विजा, खाली पावसाच्या रेघा. गाइड सांगतो, राजपुत्रांनी पाऊस पाहिलेला नसायचा म्हणून तो भिंतीवर काढून ठेवला. गाइडच्या गोष्टी तोलून घ्याव्यात. पण चित्रकाराने पावसाच्या धारा मोजून, सारख्या अंतरावर काढल्या आहेत, हे खरं. ज्याला पाऊस रोजचा असतो तो इतक्या काळजीने काढत नाही. दुपारी देशनोकच्या करणीमातेला गेलो. तिथे हजारो उंदीर, म्हणजे 'काबा', मोठ्या परातींच्या काठावर बसून दूध पितात आणि अनवाणी पावलांवरून पळतात. पांढरा काबा दिसला तर भाग्य. डॉक्टर बाहेरच थांबले आणि प्लेगचा इतिहास आठवत राहिले.

बिकानेर ते जैसलमेर रस्ता लांब आणि सरळ. वाळूच्या टेकड्या, खेजडीची झाडं, मधूनच शेतात सिमेंटचा घुमट. एका ठिकाणी उतरून बघितलं: टांका. जमिनीला चहूबाजूंनी बशीसारखा उतार, मध्ये झाकलेली गोल टाकी, आणि पावसाचं पाणी आत जायला जाळ्या बसवलेली भोकं. त्या उतारावर चप्पल घालून जायचं नाही. तिथे शेळ्या राखणारा पोरगा होता, त्याने आम्हाला दुरूनच ओरडून थांबवलं. झाकणाला कुलूप होतं. तूप सांडलं तर काही नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो, अशी त्या मुलखाची म्हण आहे; तुपाच्या बरणीला कुलूप मला कुठे दिसलं नाही.

जैसलमेरचा किल्ला संध्याकाळी दिसावा. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेला, सगळा पिवळ्या दगडाचा, आणि आत अजून माणसं राहतात. दोऱ्यांवर कपडे वाळतात, दारांवर गणपतीसह लग्नाच्या तारखा रंगवलेल्या. दुकानदार बंगालीत हाका मारतात. सत्यजित राय यांनी 'सोनार केल्ला' इथे केला, तेव्हापासून बंगाली माणूस इथे यात्रेला येतो. मराठी माणूसही कमी येत नाही. एका गल्लीत एक बाई मुलाला "हात धुऊन घे आधी" म्हणून दटावत होत्या, तेवढ्यावरून ओळख झाली आणि शेंगदाण्याचे लाडू मिळाले.

त्या हात धुण्यातच किल्ल्याचं दुखणं आहे. घागरींनी पाणी चढायचं तोवर हा किल्ला शतकानुशतकं कोरडा उभा होता. मग नळ आले, हॉटेलं आली, न्हाणीघरं आली. जितकं पाणी वर जाऊ लागलं तितकं निचऱ्याने खाली येईना. ते टेकडीच्या पोटात मुरलं आणि बुरूज ढासळू लागले. २०२४ च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग पुन्हा कोसळला. इतकी शतकं टिकलेला गड शॉवरने पोखरला. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात बादली मागितली तर मालकाने आधी अविश्वासाने आणि मग प्रेमाने पाहिलं.

गडीसर तळ्याच्या वाटेवर टिलोंची कमान आहे. सांगतात की टिलों ही गणिका. तिने बांधलेल्या कमानीखालून जायला राजाची ना, म्हणून कमान पाडायची ठरली. तिने रातोरात वर देऊळ उभं केलं. देऊळ कोण पाडणार? एकेकाळी सगळं शहर या तळ्याचं पाणी पीत असे. आज त्यात कालव्याचं पाणी सोडतात आणि लोक पॅडलच्या होड्या चालवतात. हरिकेला पाहिलेलं ते गढूळ पाणी इथे भेटलं, चांगलंच निवळलेलं. आण्णांनी बोट बुडवून बघितलं.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं सोडलेलं गाव. दिवाण सालिमसिंहाची नजर गावातल्या मुलीवर गेली आणि एका रात्रीत सगळे उठून गेले, ही कथा सगळे सांगतात, वर भुतंही दाखवायची तयारी असते. पाणी आटत गेलं आणि सारा वाढत गेला, ही दुसरी कथा ऐकायला गिऱ्हाईक नाही. आम्हाला मात्र तीच ओळखीची वाटली. अशी निम्मी कुलूपबंद गावं आम्ही एसटीतून बघत लहानाचे मोठे झालो. पालीवालांनी मागे खडीन ठेवले. जीपवाल्याच्या काकांच्या खडिनात आम्ही गेलो. आजूबाजूचा खडकाळ उतार, सखल टोकाला लांबलचक मातीचा बांध. पावसाळ्यातलं पाणी बांधाला अडतं, जमिनीत मुरतं, वरचं ओसरलं की त्या ओलीवर पेरायचं. पुन्हा पाणी द्यायचं नाही. वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पडत नाही, आणि आमच्यासमोर गुडघाभर गहू आणि फुलावर आलेला हरभरा होता. आण्णा खाली बसले, माती उकरली, मूठ दाबून बघितली, आणि बराच वेळ उठले नाहीत.

काकांनी आधी पाणी दिलं, सोबत गूळ. अगदी आमच्याकडच्यासारखं. मग खाट टाकली, सोगरे आले, लसणाची चटणी आली, आणि 'मनुहार' सुरू झाला: घास करून थेट पाहुण्याच्या तोंडाशी. मास्तरांनी लाजत तोंड उघडलं. आण्णा माहिती काढत होते. काकांची दुसरी जमीन मोहनगडकडे, कालव्यावर, तिथे मुलगा करतो. त्याच मोहनगडजवळ २०२४ च्या डिसेंबरात बोअर घेताना पाणी असं उसळलं की यंत्र ट्रकसकट जमिनीत गेलं, आणि कित्येकांना त्यात सरस्वती दिसली. काकांना दिसली नव्हती. "उधर हनुमानगढ़ में सेम आ गई, खेत दलदल हो गए," ते म्हणाले. "नहर देती है, लेती भी है."

मग त्यांनी आमच्याकडे किती पडतो ते विचारलं. चार-पाचशे मिलिमीटर, आण्णा म्हणाले, आणि उन्हाळ्यात टँकर. काकांनी आकडा पुन्हा विचारला. "इतना? फिर टैंकर किसलिए?"

आण्णांनी डाळिंब सांगितलं, ऊस सांगितला, शेवटी शेततळं सांगितलं: मोठा खड्डा, त्यात कागद, आणि बोअरचं पाणी उपसून त्यात भरायचं.

"मतलब नीचे का पानी निकालके धूप में रखते हो?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, ते खरंच समजून घेत होते. डॉक्टर चटणीकडे बघत हसले. आण्णा काही बोलणार, तेवढ्यात काका खाटेवर पुढे सरकले. मुलगाही कालव्यावर तसलीच डिग्गी खोदायची म्हणतोय, म्हणाले. तुमच्याकडे कागदाचा भाव काय, आणि टिकतो किती वर्षं? आण्णांनी खिशातून पेन काढलं. दोघं जमिनीच्या मापापासून सुरू झाले, त्यांचा बिघा आणि आमचा गुंठा जुळेना. मास्तरांनी तोवर आणखी अर्धा सोगरा मागून घेतला.